फॉर्मातला कालावधी कोण ठरवतं?

वेबवरच्या फॉर्मात दोन तारखा घ्यायच्या असल्या की मागणी बहुधा एकाच वाक्यात येते: "तिथं एक कॅलेंडर टाका, पासून-पर्यंत निवडता आलं पाहिजे." मागणारा कृषी विभागातला असो, जिल्हा परिषदेतला असो की जिनिंगवाला. बनवणारा एखादा तयार घटक शोधतो, दुपारपर्यंत बसवतो, आणि निळ्या पट्ट्यात रंगलेले दिवस पाहून दोघंही खूश होतात. कुरकुर सुरू होते ती फॉर्म गावात पोचल्यावर. कॅलेंडर दिसायला वाईट असतं असं नाही. त्या दोन तारखा मुळात कुणी ठरवायच्या, हेच कुणी विचारलेलं नसतं.

यवतमाळ जिल्हा समोर ठेवून हा प्रश्न पाहिला तर तो लवकर उलगडतो. सोळा तालुके, कापूस-सोयाबीन-तुरीची शेती, आणि विमा, पीक पाहणी, अनुदान, कापूस विक्री अशा प्रत्येक कामाला एक ऑनलाइन अर्ज. तो अर्ज शेतकरी स्वतःच्या मोबाइलवर भरतो किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर, ज्याला गावात अजून सेतूच म्हणतात, तिथल्या पोराकडून भरून घेतो. म्हणजे तारीख एकाच्या डोक्यात असते आणि माउस दुसऱ्याच्या हातात.

आधी साधनांचं बघू, कारण ते थोडक्यात आटोपतं. ब्राउझरला स्वतःचा तारखेचा रकाना आहे. क्रोमनं तो २०१२ साली दिला, फायरफॉक्सनं २०१७ साली, मॅकवरच्या सफारीनं थेट २०२१ साली. पण तो एका तारखेचा. कालावधीचा रकाना एचटीएमएलमध्ये आजही नाही. दोन रकाने शेजारी ठेवायचे आणि पहिल्यात तारीख पडली की दुसऱ्याची किमान मर्यादा तीच करायची, एवढंच हाती राहतं. ही पोकळी बाहेरच्या लायब्ररींनी तारीख निवडायचे तयार घटक, म्हणजे पिकर, देऊन भरली: जेक्वेरी यूआयचा डेटपिकर, डॅन ग्रॉसमन यांचा डेट रेंज पिकर, फ्लॅटपिकर, एअरबीएनबीनं खुला केलेला रिॲक्ट-डेट्स, २०२० साली अँग्युलर मटेरियलमध्ये आलेला रेंज पिकर. यातल्या काहींचं आयुष्य सरलं आहे. ग्रॉसमन यांचा घटक मोमेंट या लायब्ररीवर उभा आहे, आणि मोमेंटच्याच कर्त्यांनी २०२० मध्ये सांगून टाकलं की नव्या कामाला ती घेऊ नका. रिॲक्ट-डेट्सकडं आता कुणी बघत नाही. मटेरियल यूआयमध्ये कालावधीचा भाग पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. सरकारी कामाचा फॉर्म दहा वर्षं चालतो. त्याखालचा पिकर तेवढा टिकेलच असं नाही, हे कंत्राट लिहिताना कुणी धरत नाही.

शिवाय प्रत्येक पिकर कुणाच्या तरी गरजेतून जन्मलेला असतो आणि ती गरज तो पोटात घेऊन फिरतो. एअरबीएनबीचा पिकर मुक्कामासाठी होता, म्हणून त्यात किमान रात्रींची मर्यादा आपोआप एक धरलेली असते. तो तसाच रजेच्या अर्जाला लावला की शिक्षकाला एका दिवसाची रजा टाकताच येत नाही; सुरुवात आणि शेवट एकाच दिवसावर ठेवला की पिकर घेत नाही. ५ तारखेपासून ७ तारखेपर्यंत म्हणजे लॉजवर दोन रात्री, पण रजेच्या हिशेबात तीन दिवस. छापील रजेच्या अर्जात तर आणखी एक रकाना असतो, रजेच्या आधी आणि नंतर जोडून येणाऱ्या रविवार-सुट्ट्यांचा. कागदावरच्या त्या फॉर्मला कालावधीचं गणित जितकं कळत होतं, तितकं अनेक पिकरना अजून कळत नाही.

आता मूळ मुद्दा. बहुतेक पिकरच्या बाजूला तयार पर्यायांची एक पट्टी असते: आज, काल, मागील ७ दिवस, मागील ३० दिवस, हा महिना, मागचा महिना. ही पट्टी कचेरीत बसून विक्रीचे आकडे पाहणाऱ्याची आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्यातला एकही पर्याय लागत नाही. त्याच्या आयुष्यात कालावधी भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना नावं आहेत. बँक आणि सोसायटीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. तलाठ्याकडचं महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै; सातबाऱ्यावरचा पिकांचा गाव नमुना बारा त्याच हिशेबानं चालतो. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. हवामान खात्याचा मोसमी पाऊस १ जून ते ३० सप्टेंबर. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे शाळेचं वर्षही राज्यभर एका तारखेला सुरू होत नाही. तूर जूनमध्ये पेरली की काढणीला जानेवारी उजाडतो; "हे वर्ष" या बटणात तिचा हंगाम मावतच नाही.

आणि सालगड्याचं वर्ष. विदर्भात गडी ठेवायचा तो पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. बोली एका सालाची, रक्कम एका सालाची. पण हे साल मोजून बघा. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि २०२४ चा ९ एप्रिलला. मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ते साल ३८४ दिवसांचं झालं. पुढचा पाडवा ३० मार्च २०२५ ला, म्हणजे त्यापुढचं साल फक्त ३५५ दिवसांचं. एकोणतीस दिवसांचा फरक, बोली मात्र तीच. मजुरीचा हिशेब ठेवणारं एखादं ॲप काढलं आणि "एक वर्ष" या बटणामागं ३६५ मिळवले, तर ते ॲप मालकालाही खोटं वाटेल आणि गड्यालाही. इथं कॅलेंडर कितीही देखणं असो, उपयोगी पडते ती पाडव्यांच्या तारखांची एक साधी यादी.

नक्षत्रांचंही तसंच, पण तिथं काम सोपं आहे. पेरणीच्या बोलण्यात "मृगात पेरलं", "आर्द्रात पेरलं" असंच येतं. ही पावसाची नक्षत्रं सूर्याच्या गतीवर असल्यानं इंग्रजी तारखांशी जवळजवळ बांधलेली असतात: रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. म्हणजे कालावधीचे तयार पर्याय पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. ते फॉर्मात आणायला पंचांगाचा मोठा अभ्यास लागत नाही. "पेरणी कधी झाली?" या प्रश्नाखाली नक्षत्राच्या नावांची चार-पाच बटणं द्या, बटण दाबलं की खाली दोन्ही तारखा भरलेल्या दिसू द्या, आणि ज्याला नेमकी तारीख ठाऊक आहे त्याला ती बदलू द्या. राज्यानं १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली. अशा नोंदीत नेमकी तारीख आठवत नाही म्हणून महिन्याची एक तारीख टेकवून पुढं जाणारे पुष्कळ असतात. "मृगात" हे उत्तर त्या टेकवलेल्या तारखेपेक्षा खरं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की पिकर निवडण्याआधी कालावधीचे तीन प्रकार वेगळे काढावेत. काही कालावधी शासन ठरवतं, म्हणजे हंगाम, मुदत, महसुली वर्ष. तिथं अर्जदाराकडून तारीख घ्यायचीच कशाला, नाव निवडू द्यावं. काही निसर्गानं ठरवलेले असतात, जसा पाऊस, पूर, पेरणी. तिथं माणूस आठवून सांगतो, आणि आठवणीला कॅलेंडरच्या चौकोनांपेक्षा प्रश्न जास्त मानवतो. उरतात ते माणसानं स्वतः ठरवायचे: रजा, सफारीची सहल, एसटीचं जायचं-यायचं आरक्षण. खरा रेंज पिकर फक्त या तिसऱ्या ठिकाणी हवा. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात दोन दिवसांची सफारी ठरवणाऱ्याला वार दिसले पाहिजेत, पावसाळ्यातले बंद दिवस फिके दिसले पाहिजेत. तिथं कॅलेंडर शोभतं आणि कामालाही येतं.

दुसरा प्रकार सगळ्यात नाजूक, आणि पीक विम्यानं तो चांगलाच शिकवला. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. शेतात पाणी साचणं, गारपीट यांसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची, असा तिचा नियम. नियम तासांचा आणि शेतकरी सांगतो ती तारीख. २०२३ च्या जुलैत २१ आणि २२ तारखेच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात पावसानं हाहाकार माजवला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्याचा वेढा पडला, हेलिकॉप्टर बोलावण्याची वेळ आली. समजा एखाद्याच्या शेतात पाणी शिरलं रात्री दोनला. घड्याळाच्या मतानं ती २२ तारीख. घरात मात्र सगळे म्हणणार "एकवीसच्या रात्रीचा पाऊस", आणि कॅलेंडरवर बोट पडणार २१ वर. फॉर्मानं २१ च्या मध्यरात्रीपासून ७२ तास मोजले तर मुदत २३ तारीख संपताच संपते. खरी मुदत मात्र २५ तारखेच्या पहाटे दोनपर्यंत. सव्वीस तास गेले, तेही पाणी ओसरायच्या आत. त्यात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा असतो. २२ च्या सकाळी मोजलेला पाऊस २२ च्या नावावर पडतो, मग तो आदल्या दुपारी का पडलेला असेना. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, असं पंचनाम्याच्या वेळी म्हणतात. ते चोवीस तास हे असे असतात. शेतकऱ्याची तारीख, घड्याळाची तारीख आणि पर्जन्यमापकाची तारीख अशा तीन तारखा एका पावसाला लागतात आणि फॉर्मात रकाना एक.

राज्यानं २०२५ च्या खरिपापासून योजनेचं रूप बदललं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली, पण हा पेच त्या योजनेपुरता नव्हता. उपाय अवघड नाही. "पाणी कधी शिरलं?" असं विचारून दिवसाऐवजी रात्रीची जोडी द्यावी: "२१ ची रात्र, २२ ची पहाट". आणि हिशेब लागलाच तर शेवटच्या क्षणापासून धरावा, म्हणजे शंकेचा फायदा अर्जदाराला मिळेल.

मुदतीचं दुखणं वेगळं. खरिपाच्या विम्याची शेवटची तारीख २०२३ साली ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्ट झाली. २०२४ साली १५ जुलै होती, ती ३१ जुलै झाली. मुदतवाढ होणार, हे सेतूवाल्याला जाहिरात निघण्याआधी ठाऊक असतं. फॉर्म बनवणाऱ्याला नसतं. तो कमाल तारीख पानातच कोरून टाकतो. मुदत वाढल्यावर सर्व्हरवर नवी तारीख येते, पण सेतूवरच्या संगणकानं जुनं पान साठवून ठेवलेलं असतं, आणि कॅलेंडरमध्ये १ ऑगस्ट राखाडीच राहतो. बाहेर रांग, आत "साहेब, पुढची तारीख घेतच नाही". अशी मर्यादा पानात नको, दर वेळी सर्व्हरकडून आली पाहिजे, आणि शेवटचा शब्द सर्व्हरचा असला पाहिजे; ब्राउझरमधली मर्यादा ही फक्त सूचना.

शेवटच्या दिवसाची आणखी एक गंमत अहवालात घडते. अर्जांच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते. अधिकारी पिकरमध्ये १ जुलै ते ३१ जुलै निवडतो, आणि मागची क्वेरी "या दोहोंच्या मध्ये" असं विचारते. वेळ न दिलेला ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैची मध्यरात्र, दिवस उजाडायच्या आधीची. त्यानंतर दिवसभर आलेले अर्ज अहवालातून गळतात. आणि अर्जांची खरी झुंबड तर शेवटच्याच दिवशी. महिन्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस रिकामा दिसतो आणि कुणीतरी पत्रकारांना सांगून बसतं की यंदा प्रतिसाद कमी आहे. यावरची रीत जुनी आहे: सुरुवात धरायची, शेवटाच्या पुढचा दिवस सोडायचा, म्हणजे १ जुलैपासून १ ऑगस्टच्या आधीपर्यंत. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात अंकांच्या बाबतीत हीच बाजू मांडली. पोस्टग्रेस डेटाबेसला २०१२ साली कालावधीचा स्वतंत्र प्रकार मिळाला, तोही तारखा आतून याच रूपात ठेवतो. पडद्यावर मात्र "३१ जुलैपर्यंत" असंच दिसलं पाहिजे; ते आतलं गणित माणसाच्या अंगावर टाकायचं नाही.

भारतीय तारखांचा एक खास आजार आहे, आणि तो ओळखायची खूण म्हणजे १८:३०. जावास्क्रिप्टमध्ये कॅलेंडरवरून १ जून निवडला की तो स्थानिक मध्यरात्र म्हणून तयार होतो. सर्व्हरकडं पाठवताना त्याचं आयएसओ स्वरूप केलं की तो जागतिक वेळेत जातो. आपण साडेपाच तास पुढं, म्हणून तिकडं पोचतो तो ३१ मे, १८:३०. पुढं कुणीतरी फक्त तारखेची दहा अक्षरं कापून ठेवतं आणि जूनची पेरणी मे महिन्यात जाते. अमेरिकेत बसून पिकर लिहिणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. त्यांची मध्यरात्र जागतिक वेळेत त्याच तारखेला पडते. त्यांना याच्या उलट्या बाजूचा दोष चावतो, जो आपल्याला चावत नाही. पेरणीच्या तारखेला वेळ नसतेच, तेव्हा ती वेळेशिवायच ठेवावी. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी टेम्पोरल हा नवा संच येतो आहे, त्यात नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार आहे. फायरफॉक्सनं तो २०२५ साली घेतला. तो सगळीकडं येईपर्यंत वर्ष-महिना-दिवस अशी साधी अक्षरमाला पाठवली तरी भागतं.

दिसण्याच्या बाजूनं दोनच गोष्टी. ब्राउझरचा रकाना आतून नेहमी वर्ष-महिना-दिवस ठेवतो, पण दाखवतो संगणकाच्या भाषेप्रमाणं. सेतूवरचा संगणक अमेरिकन इंग्रजीवर असला की ७ जून हा ०६/०७ असा दिसतो आणि शेतकरी तो ६ जुलै वाचतो. महिना अक्षरात दाखवला की वाद मिटतो. दुसरं, ब्राउझरला मराठीत तारीख मागितली की तो अंक देवनागरी देतो. हिंदीला मात्र साधे अंक देतो. वाचायला ते छान, पण तेच देवनागरी अंक परत तारीख म्हणून वाचायला दिले की जावास्क्रिप्ट हात वर करतं. दाखवायचं रूप आणि साठवायचं रूप वेगळं ठेवलं नाही तर मराठी फॉर्म इंग्रजी फॉर्मापेक्षा लवकर मोडतो, आणि मग दोष मराठीवर येतो.

हाताळणीबद्दल बाहेरच्या जगात बराच विचार झाला आहे. ब्रिटिश सरकारची डिझाइन प्रणाली जन्मतारखेसारख्या पाठ असलेल्या तारखांना कॅलेंडर देतच नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने देते. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तीत दोन नवे निकष आहेत जे रेंज पिकरला थेट लागतात: ओढून करायची कृती बोटानं टेकवूनही करता आली पाहिजे, आणि दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेलची हवी. छोट्या फोनवर दोन महिने शेजारी मांडणारे पिकर इथंच नापास होतात. शिवाय १९७३ पासून घरोघरी लागलेल्या कालनिर्णयात वार डाव्या कडेला उभे असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. पडद्यावर त्या आडव्या धावतात. ज्याला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची सवय आहे तो क्षणभर अडखळतो, आणि मग सेतूवाल्यालाच म्हणतो, "तूच टाक बापू."

२०२५ साली भारतीय कापूस महामंडळानं कपास किसान ॲप आणलं. हमीभावानं कापूस विकायचा तर आधी नोंदणी, मग खरेदी केंद्रावरचा दिवस ठरवायचा. नोंदणीची मुदत सुरुवातीला ३० सप्टेंबर होती, ती पुढं वाढवली गेली. पण दिवस ठरवण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे: पुढच्या सात दिवसांचीच खिडकी, रोज एक दिवस पुढं सरकणारी. सात दिवसांत महिनाभराचं कॅलेंडर उघडायची गरजच नाही, सात बटणं पुरतात. यवतमाळ, वणी, राळेगावच्या कापूसवाल्याला वेचणीचे मजूर कधी मिळतील आणि गाडी कधी मिळेल हे आठवडाभराच्या पुढं सांगता येत नाही, त्यामुळं खिडकीची ही लांबी त्याच्या कामाशी जुळते. एवढ्यापुरतं हे चांगलं उदाहरण आहे.

राहिला दुबार पेरणीचा प्रश्न, आणि त्याला अजून कुठल्याच पिकरनं हात घातलेला नाही. मृगात पेरलं, पावसानं दडी मारली, बियाणं करपलं, आर्द्रात किंवा पुनर्वसूत पुन्हा पेरलं. एकाच शेताला, एकाच हंगामात, दोन पेरण्या, खर्च दोनदा. फॉर्मात पेरणीचा रकाना एक असला तर दुसरी तारीख पहिलीला पुसून बसते, आणि नुकसानीची गोष्ट नोंदीतून जाते. इथं रकाना नीट करायचा तर "आणखी एक पेरणी" असं बटण लागेल, दोन कालावधी एकमेकांवर चढले तर चालतील की नाही ते ठरवावं लागेल, आणि अर्धं शेत दुबार पेरलं असेल तर क्षेत्र कुठल्या तारखेपुढं लिहायचं हेही. यातलं एकही उत्तर कॅलेंडरच्या लायब्ररीत नाही. ते जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कचेरीत बसून, दोन-चार कृषी सहाय्यकांना विचारून लिहावं लागेल.